घणाची डावी छाती

बर्फाच्या कारखान्यात त्याला सगळे घण म्हणत. खरं नाव फक्त त्याच्या आईला आवडायचं, आणि ती गेल्यावर ते घेणारं कोणी उरलं नव्हतं.

घण हे नाव पडलं एका भांडणात. माल न्यायला आलेल्या ड्रायव्हरने फाटकात गाडी आडवी लावली आणि हलवायला नकार दिला. याने आधी गाडीच्या दारावर मूठ मारली, पत्रा आत गेला. मग तीच मूठ ड्रायव्हरच्या तोंडावर मारली. त्यानंतर त्या फाटकात कोणी गाडी आडवी लावली नाही, आणि त्याला नाही म्हणायची छातीही कोणाची झाली नाही.

काम त्याच्या अंगासारखंच होतं. मिठाच्या पाण्याच्या हौदात बुडवलेले पत्र्याचे लांब डबे साखळीने वर ओढायचे, साध्या पाण्यात बुचकळून बर्फाची लादी सुटी करायची आणि लोखंडी आकड्याने ओढत ती गाडीत चढवायची. दोघांनी मिळून उचलायची लादी घण एकटा छातीशी कवटाळून उचलायचा. बर्फ चिकटून कातडी निघाली तरी तोंडातून ब्र काढायचा नाही.

घरीही तोच हात यायचा. "हात काय चपलेसारखा दाराबाहेर काढून ठेवता येतो का?" असं तो स्वतःच म्हणायचा आणि हसायचा. बायको हसायची नाही. ती लाँड्रीत इस्त्रीला होती. दंडावर काळंनिळं असलं की लांब बाह्यांचे कपडे घालायची आणि विचारणाऱ्याला सांगायची, इस्त्री लागली. लेक लग्न करून पुलापलीकडे राहायला गेली होती. बापाच्या दारात ती सहसा फिरकत नसे.

त्याच्या बनियनवर डाव्या बाजूला रक्ताचा ठिपका पहिल्यांदा बायकोला दिसला, कपडे धुताना.

"लादी लागली असेल," तो म्हणाला.

ठिपका पुन्हा आला. बोंडाखाली गाठ हाताला लागत होती, बोंड आत ओढलं गेलं होतं. बायकोने लेकीला कळवलं आणि दोघींनी मिळून त्याला हॉस्पिटलात नेलं. तपासण्या झाल्या. सर्जनने कागद बाजूला ठेवला आणि सांगितलं, "स्तनाचा कॅन्सर आहे."

"तो बायकांना होतो."

"पुरुषांनाही होतो. कमी होतो, पण होतो. छातीचा तो भाग आणि काखेतल्या गाठी काढाव्या लागतील."

घण उठला, टेबलावरून वाकला आणि त्याने सर्जनची कॉलर धरली. सर्जनच्या हाताखालचे तरुण डॉक्टर भिंतीला चिकटले. बायको मात्र उठून नवऱ्याजवळ आली आणि तिने त्याची बोटं एकेक करून सोडवली. आधी करंगळी, मग तिच्याशेजारचं, शेवटी अंगठा. सर्जन ते बघत राहिले. त्या बाईला याची सवय आहे, हे त्यांना तेवढ्यात कळलं असावं.

ऑपरेशन नीट झालं. जखम भरली, नळी निघाली, टाके सुटले. आणि मग दुखणं सुरू झालं.

मार खाल्ल्याचं दुखणं घणाला ठाऊक होतं. हे तसलं नव्हतं. कोणीतरी तापलेली सळई काखेतून आत घालून फिरवावी तसं ते यायचं, कधी कण्हायला लावायचं, कधी एका झटक्यात जायचं. शर्टाचं कापड व्रणाला घासलं तरी जीव जायचा. सगळ्यात वाईट म्हणजे जे बोंड कापून टाकलं होतं तेच ठणकायचं. नसलेल्या जागी दुखतंय हे सांगायचं कोणाला? लोक वेडा म्हणतील. म्हणून तो कोणाला काही सांगत नव्हता आणि हाताला येईल ते फोडत होता. एकदा आरसा फोडला. एकदा न्हाणीघराचं दार बिजागरीसकट काढलं. बायकोने व्रणावर मलम लावायला हात पुढे केला, तेव्हा त्याने तो मनगटातून असा पिरगाळला की ती कितीतरी दिवस डाव्या हाताने इस्त्री फिरवत होती.

हॉस्पिटलात त्याच्या कागदांवर नावाआधी 'श्रीमती' छापून आलं होतं, त्या विभागाचे सगळेच कागद तसे छापलेले. नर्सने बाहेर येऊन 'श्रीमती' म्हणून हाक मारली, तेव्हा बाकांवरच्या साऱ्या बायका उठणाऱ्या बाईला शोधू लागल्या. उठला तो घण. त्याने नर्सच्या हातातले कागद घेतले, चारदा फाडले आणि तिच्या पायांशी टाकले.

कारखान्यात परतला त्या दिवशी सगळे त्याच्यापासून जपून होते. फक्त टकलू, जो हौदावर त्याच्याबरोबर वर्षानुवर्षं उभा होता, त्याला वाटलं की थोडी चेष्टा केली की वातावरण सैल होईल. तो म्हणाला, "घण्या, आता एकाच बाजूची बॉडी शिवून घे. कापड निम्मं लागेल."

कोणी हसायच्या आधी घणाने आकडा फिरवला. टोकदार बाजू नाही, मुठीची बाजू, एवढंच टकलूचं नशीब. जबडा मोडल्याचा आवाज मशीनच्या घरघरीतही ऐकू आला. टकलू ओल्या फरशीवर पडला आणि वितळलेल्या बर्फाच्या पाण्यात रक्त पसरत मोरीकडे गेलं. घणाने दुसऱ्यांदा आकडा उचलला तेव्हा चौघांनी मिळून त्याला धरलं. त्यातल्या एकाचा हात नेमका व्रणावर पडला, आणि सगळ्यांनी पहिल्यांदा घणाला ओरडताना ऐकलं.

मालक शहाणा होता. त्याने टकलूची समजूत घातली, दवाखान्याचं पाहिलं आणि घणाला बोलावून सांगितलं, "हॉस्पिटलात मनाचं बघणारी बाई आहे म्हणतात. तिच्याकडे जा. ती हो म्हणेपर्यंत आकड्याला हात लावायचा नाही."

"मी वेडा नाही."

"वेडा असतास तर बरं होतं," मालक म्हणाला. "वेड्याला औषध असतं."

बाईंची खोली एक्स-रेच्या शेजारी होती. दोन खुर्च्या, एक पंखा, खिडकीत सुकत चाललेलं रोप. बाई पन्नाशीच्या, आवाज घोगरा, चष्मा कायम कपाळावर. त्यांनी विचारलं, "कुठे दुखतं?"

घण गप्प बसला. बाईही गप्प बसल्या. त्यांच्या त्या गप्प बसण्याचा त्याला असा राग आला की उठून त्याने खुर्ची भिंतीवर आपटली. खुर्चीचा पाय निखळला. पण हात वर गेल्याबरोबर सळई फिरली आणि तो काख धरून खाली बसला.

बाईंचा रंग उतरला होता, पण त्या जागच्या हलल्या नाहीत. थोड्या वेळाने म्हणाल्या, "उरलेली खुर्ची माझी आहे. ती मोडलीत तर मला उभं राहून बोलावं लागेल, आणि माझे गुडघे दुखतात. दुसरं म्हणजे, पुन्हा इथे काही फेकलंत तर मी शिपायाला बोलावीन आणि आपलं काम तिथेच संपेल. आता सांगा, कुठे दुखतं?"

जमिनीवर बसूनच त्याने सांगितलं. सळईचं सांगितलं. मग खाली बघत, चोरी कबूल करावी तसं, कापून टाकलेलं बोंड ठणकतं तेही सांगितलं.

"ते पुष्कळांचं ठणकतं," बाई म्हणाल्या. "कातडीखालच्या नसा कापल्या गेल्यात. त्या खोट्या वर्दी पाठवतात. वर्दी खोटी असली तरी दुखणं खरं असतं. तुम्ही वेडे नाही आणि नाटकही करत नाही. पण राग आला, झोप मोडली, दात आवळले की त्या वर्दीचा आवाज वाढतो. तो कमी कसा करायचा ते शिकता येतं. वेळ लागतो."

ऑपरेशन झाल्यापासून एवढं सरळ त्याच्याशी कोणी बोललं नव्हतं. तो पुढच्या आठवड्यात पुन्हा गेला.

बाईंनी त्याला श्वास शिकवला: कळ आली की तिच्याशी झुंजायचं नाही, श्वास हळूहळू सोडायचा आणि ती कुठून निघाली, कुठे गेली ते नुसतं बघायचं. व्रणाला स्पर्शाची सवय करायला शिकवलं. आधी कापूस, मग मऊ जुनं कापड, मग टॉवेल, थोडं थोडं रोज. हे त्याला बरं वाटलं. जमत नव्हतं ते दुसरंच. बाई विचारायच्या, "हात उठायच्या आधी अंगात काय होतं?"

"काही होत नाही. हात उठतो."

"पुढच्या वेळी बघून या."

बघता बघता त्याला कळलं की आधी कान तापतात. मग दाढा आवळतात. मग हात. कानापासून हातापर्यंत फार अंतर नव्हतं, पण होतं. हे समजल्यावर तो लहान मुलासारखा खूश झाला.

बाईंकडे आठवड्यातून एकदा ऑपरेशन झालेल्यांची बैठक असायची. सगळ्या बायका. घण दारात उभा राहिला तेव्हा एक म्हातारी, शाळेतून निवृत्त झालेली मास्तरीण, चष्म्यावरून त्याला बघत म्हणाली, "ये बाबा, बस. इथे पुरुषांना मनाई होती, पण ते आजाराला सांगायचं राहून गेलं."

बायका हसल्या. घणाचे कान तापले. तो श्वास सोडत बसून राहिला.

तिथे एक मासेवाली होती. घणाला ती ओळखत होती. बाजारात तिच्या माशांवर याच कारखान्याचा बर्फ पडायचा. ती हसरी, तोंडाळ, सुरीपेक्षा जिभेने धारदार. एके दिवशी मात्र तिला बोलता येईना. मग पदराला गाठ मारून ठेवलेलं काहीतरी सोडून द्यावं तसं तिने सांगितलं, की नवरा आता ऑपरेशनच्या बाजूलाच मारतो. तिथे मारलं की ती लवकर गप्प होते, हे त्याच्या लक्षात आलंय.

घणाच्या कानांत वाजायला लागलं.

पुढच्या बैठकीला तो नवरा तिला न्यायला वर आला. उशीर झाला म्हणून व्हरांड्यातच त्याने तिचा दंड धरून तिला हिसडलं, आणि तिने काख धरली. घण कसा उठला, दारातून कधी गेला, त्याला कळलंच नाही. त्याने त्या माणसाला केसांनी धरलं आणि तोंड पाण्याच्या टाकीच्या कडेवर आपटलं. पुन्हा आपटलं. नाक फुटलं, ओठ फाटला, दात टाकीत पडला. त्याला स्वतःची छाती दुखतसुद्धा नव्हती. किती दिवसांनी अंग हलकं वाटत होतं. शिपाई आले, त्याला ओढून बाजूला केलं.

त्याला वाटलं, मासेवाली आता काहीतरी चांगलं बोलेल. ती समोर आली. तिचे डोळे कोरडे होते.

"तुला कोणी सांगितलं होतं?" ती म्हणाली. "तू मारलंस आणि तू घरी जाशील. मी याच्या घरी जाणार आहे."

ती नवऱ्याला उठवून, त्याचं रक्त स्वतःच्या कपड्याने पुसत घेऊन गेली.

घण घरी आला तो तरीही छाती पुढे काढून. बायको जेवणाची भांडी घासत होती. त्याने सगळं रंगवून सांगितलं, केस कसे धरले, दात कसा पडला. "बाईवर हात टाकतो," तो म्हणाला. "असल्यांना असंच पाहिजे."

बायकोच्या हातातलं भांडं थांबलं.

"मग तुम्हाला कोण मारायला येणार?" तिने विचारलं. अगदी साध्या आवाजात, दूध आणायला कोण जाणार असं विचारावं तसं.

कान तापले. दाढा आवळल्या. हे सगळं त्याला कळलं, बाईंनी शिकवलं तसं नीट कळलं, आणि तरीही हात उठला. पण तो खाली यायच्या आत बायकोने हातातलं जड पातेलं त्याच्या डाव्या छातीवर, व्रणावर, सगळ्या ताकदीने मारलं. तिने जागा चुकून निवडली नव्हती.

घण कोसळला. डोळ्यांपुढे काहीच राहिलं नाही, श्वास आत जाईना, बाहेर येईना. तो फरशीवर गुडघे पोटाशी घेऊन पडला आणि त्याच्या तोंडातून लाळ गळत राहिली. बायकोने पातेलं विसळून पालथं घातलं. मग ती त्याच्याजवळ उकिडवी बसली.

"माझा उजवा कान तुमच्या मारानंतर कमी ऐकतो," ती म्हणाली. "तुम्ही कधी विचारलं नाही, मी कधी सांगितलं नाही. लेकीकडे चालले. मागे येऊ नका."

तिने चपला घातल्या. दार तिने आपटलं नाही, हळूच ओढून घेतलं.

बाईंच्या खोलीत तो तक्रार घेऊनच गेला. व्रण सुजून काळा पडला होता. सर्जनने तपासून आत काही इजा नाही असं सांगितलं होतं.

"तिने बरोबर केलं का? सांगा तुम्ही," तो म्हणाला.

"नाही," बाई म्हणाल्या. "आजारी जागेवर मारणं बरोबर नाही. पुढे?"

"पुढे काय?"

"तिच्या एका वेळेबद्दल मी बोलले. तुमच्या वेळांबद्दल तुम्ही बोला."

तो बोलला नाही. त्या दिवशी नाही आणि त्यानंतरही बरेच दिवस नाही. एकटाच घरी टॉवेलने व्रण चोळायचा, भात करपवायचा, करपलेला खायचा. व्हरांड्यातल्या मारामारीबद्दल त्याला बैठकीतून बाहेर काढलं होतं. बाईंकडे एकट्याने यायची परवानगी होती, दाराशी शिपाई बसवून. मग एकदा, पंखा गरगरत असताना, कोणी काही विचारलेलं नसताना त्याने कानाचं सांगायला सुरुवात केली. मनगटाचं सांगितलं. लेक लहान असताना मध्ये आली होती तेव्हाचं सांगितलं. बाईंनी त्याला शाबास म्हटलं नाही आणि धीरही दिला नाही. ऐकून घेतलं. शेवटी एवढंच म्हणाल्या, "हे आठवल्यावर जे दुखतंय, ते कमी करायचं माझ्याकडे काही नाही. ते राहू दे."

मासेवाली बैठकीला परत आली ती मनगटाला प्लास्टर घालून. घणाला ते बाजारात कळलं. मालकाने त्याला आता हलक्या कामाला, गाडीबरोबर पाठवायला सुरुवात केली होती. तो तिच्या ओट्यापाशी उभा राहिला.

"हे माझ्यामुळे," तो प्लास्टरकडे बघत म्हणाला.

"नवऱ्यामुळे," ती म्हणाली. "पण निमित्त तू दिलंस. आता उभा राहू नकोस, बर्फ वितळतोय."

थोड्याच दिवसांत मास्तरणीचा निरोप आला. मासेवाली घर सोडत होती. मास्तरीण तिला आपल्या मागच्या खोलीत ठेवून घेणार होती आणि बैठकीतल्या बायका सामान आणायला जाणार होत्या. जड पेट्या उचलायला कोणी धड हाताचं नव्हतं. मास्तरणीने घणाला दारातच बजावलं, "तू हमाल म्हणून येतोयस. हात फक्त सामानाला लावायचा. जमणार नसेल तर आत्ताच सांग."

"जमेल."

"तुझं जमेल मी ऐकलंय. बघू."

ते गेले तेव्हा नवरा घरात नव्हता. निम्मं सामान टेम्पोत चढलं आणि तो गल्लीच्या तोंडाशी दिसला. घण तेव्हा पत्र्याची मोठी पेटी दोन्ही हातांत धरून पायऱ्या उतरत होता. नवरा जवळ आला. दात पडलेल्या जागेतून थुंकला.

"हा बघा, बायकांचा रोग झालेला," तो गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाला. "बायकांतच फिरतो आता."

आणि त्याने घणाच्या डाव्या छातीवर ठोसा मारला.

सळई अशी फिरली की घणाचे पाय वाकले. पायरीवर तो भेलकांडला, पण पेटी सुटली नाही. दुसरा ठोसाही तिथेच बसला. घणाचे कान पेटले होते, दाढांतून रक्ताची चव येत होती. तो श्वास सोडत राहिला, भात्यातून निघावा तसा आवाज करत, आणि एकेक पाऊल खाली उतरत राहिला. तेवढ्यात मासेवाली बाहेर आली. तिच्या धड हातात मासे कापायचा कोयता होता. तिने तो उगारला नाही, नुसता धरला.

"पेटी माझी आहे," ती नवऱ्याला म्हणाली. "वाट दे."

मागे मास्तरीण आणि बाकीच्या बायका येऊन उभ्या राहिल्या. गल्लीतली माणसं दारांत आली. नवऱ्याने शिव्या दिल्या, एक बादली लाथेने उडवली आणि वाट दिली.

पुढच्या भेटीत घणाने बाईंना खरं ते सांगितलं. "हातात पेटी होती म्हणून. नसती तर मी त्याला मारून टाकलं असतं."

"मग पेटी खाली का नाही ठेवलीत?"

घणाने पंख्याकडे पाहिलं. "माहीत नाही," तो म्हणाला.

दुखणं पूर्ण गेलं नाही. हौदावरच्या थंडीत ते अजून उठतं, म्हणून त्याने यंत्रघरातलं काम मागून घेतलं. टकलूशी तो एकदा बोलला. टकलूने ऐकून घेतलं आणि त्याच्याबरोबर चहा प्यायला नकार दिला. कारखान्यात त्याला अजूनही घणच म्हणतात. एकदा हात उठला, त्याने तो भिंतीवर मारला आणि दोन बोटं मोडून घेतली. बाईंनी त्यालाही प्रगती म्हटलं नाही.

बायको परत आली नाही. बाईंच्या बोलावण्यावरून एकदा मात्र ती लेकीबरोबर त्या खोलीत आली. येण्याआधी तिने अट घातली होती की घणाने मध्ये बोलायचं नाही. ती बोलायला लागली आणि थांबेचना. कुठल्या दिवशी काय झालं, कुठल्या कपड्यांखाली काय लपवलं, सगळं. लेक खिडकीकडे तोंड करून रडत होती. घणाची छाती ठणकत होती, नसलेलं बोंड ठणकत होतं. तो दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसला होता आणि ऐकत होता.

बाहेर पडल्यावर तिघं बसथांब्यावर उभी राहिली. घण बायकोच्या डाव्या बाजूला गेला, ऐकू येणाऱ्या कानाकडे, आणि म्हणाला, "पुन्हा येशील का?"

"इथे येईन," ती म्हणाली. "घरी नाही."

"बरं."

तिची बस आली. लेक आधी चढली, तिने आईला हात दिला. बायको खिडकीशी बसली आणि पिशवीतून पाण्याची बाटली काढून प्यायली. घणाकडे तिने पाहिलं नाही. बस निघून गेल्यावर तो आपल्या बसची वाट बघत तिथेच उभा राहिला.